दोन निकाल

१

गुरुवारी दुपारी दोन ते पाच हे तीन तास तिचे स्वतःचे होते. बाकीचा आठवडा घर, नवरा, सासूबाई आणि चौदा महिन्यांची लेक यांच्यात वाटून संपायचा. गुरुवारचे तीन तास मात्र पीएचडीचे. लेकीला पाळणाघरात सोडायचं, ती रडत असतानाच पाठ फिरवायची, कोपऱ्यावर जाऊन आपणही थोडं रडून घ्यायचं, तोंड पुसायचं आणि ग्रंथालयाच्या तळघरातल्या खोलीत चार नंबरच्या मशीनसमोर येऊन बसायचं. हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्याने एकदा तिचं रडणं सुरू व्हायच्या आधीच विचारलं होतं, "आज उशीर झाला का, ताई?"

विषय होता पहिल्या बाळंतपणानंतरचं एकटेपण. तिचे सर म्हणाले होते, "अनुभव तुमच्याकडे आहेच, आता फक्त संदर्भ गोळा करा." संदर्भांची यादी उद्या द्यायची होती. दोनदा मुदत वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा सर नुसतेच हसले होते.

तिने 'आई' आणि 'एकटेपणा' असे दोन शब्द टाकले. एक लाख ऐंशी हजार निकाल आले.

"एवढं कोण वाचणार?" मागून ग्रंथपाल बाईंनी विचारलं. त्यांचा चष्मा साखळीला बांधून गळ्यात लोंबत असे आणि त्या तो शोधत असत. "तुम्ही की तुमची मुलगी?"

"माझी मुलगी पानं खाते, बाई."

"मग तिचा वेग तुमच्यापेक्षा बरा असणार."

बाईंनी शेजारची खुर्ची ओढली आणि एका कागदावर रकाने आखले. एकाच अर्थाचे शब्द एकाखाली एक लिहायचे, त्यांच्यात 'ऑर'. दोन रकान्यांच्या मध्ये 'अँड'. नको असलेलं 'नॉट' लावून कापून टाकायचं. प्रत्येक शोधाला मशीन नंबर देतं, किती निकाल आले तेही लिहितं, आणि ती सगळी यादी डाव्या बाजूला राहते. आधीच्या शोधाचा नंबर घ्यायचा, त्याला एक शब्द जोडायचा, की घोळका लहान होतो.

"लोकांना वाटतं शोध म्हणजे प्रश्न विचारायचा," बाई म्हणाल्या. "तसं नाही. शोध म्हणजे वर्णन. जे हवंय त्याचं इतकं नेमकं वर्णन करा, की दुसरं कुणी त्यात बसताच कामा नये. शून्य आलं तर घाबरू नका. शेवटची ओळ पुसायची आणि एक पायरी मागे यायचं."

"आणि थांबायचं कधी?"

"उचलून आणता येईल इतकं उरलं, की थांबायचं."

२

सव्वातीनपर्यंत तिचे तीन शोध झाले. तिसऱ्यात दोनशे बारा निकाल उरले. दोनशे बारा म्हणजे माणसाच्या आवाक्यातलं काहीतरी. स्वतःवर खूश होऊन ती पाणी प्यायला गेली.

परत आली तर यादीत चार नंबरची ओळ होती.

४. स्त्री अँड कुरळे केस — ८६,४१२

खोलीत सहा मशीनं होती, मागे पुस्तकांच्या कपाटांच्या रांगा, आणि बसलेली ती एकटीच. वर, छताला टेकून, एक लांबट खिडकी होती. त्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. तिने मशीनकडे पाहिलं, मग बाटलीकडे. गेल्या महिन्यात तिने मोबाईल फ्रीजमध्ये ठेवला होता आणि लोण्याचा डबा पर्समध्ये घालून निघाली होती. तेव्हा हे आपण टाईप केलंच नाही, असं छातीठोकपणे सांगणारी ती कोण? पण कुरळे केस का? मनातल्या मनात असलं काही आलं असेल का? आपले कुरळे केस विंचरून किती दिवस झाले, याचा हिशेब मात्र मनात होता खरा.

तिने ओळ पुसून पाहिली. ती पुसली गेली नाही. तिच्या डोळ्यांदेखत खाली आणखी एक उमटली. एकेक अक्षर, घाई न करता, विचार करत टाईप करणाऱ्याच्या गतीने.

५. ४ अँड या शहरातली — १,९०७

म्हणजे आधी बसलेल्या कुणीतरी लॉग-आऊट केलं नसणार. तो माणूस आता दुसऱ्या मशीनवर बसून आपलं काम करतोय आणि ते इथे दिसतंय. असं होत असेल. तिने स्वतः लॉग-आऊट केलं, मशीन बंद केलं, साठपर्यंत आकडे मोजले आणि पुन्हा चालू केलं.

यादी तशीच होती. फक्त एक ओळ वाढली होती.

६. ५ अँड डावखुरी — २२८

माऊसवरचा आपला डावा हात तिने मांडीवर घेतला.

३

ग्रंथपाल बाई जिन्यापाशी भेटल्या. वरच्या मजल्यावर त्यांची मीटिंग होती आणि हातात फायलींचा गठ्ठा होता. तरी त्या आल्या, वाकल्या आणि चष्मा सापडल्यावर यादी नीट वाचली.

"हे तुमच्याच लॉग-इनमधून आहे."

"मी नाही लिहिलं हे, बाई."

"तुमच्या लॉग-इनमध्ये दुसरं कुणी येऊच शकत नाही. माझी थोरली झाली तेव्हा मी एकदा ऑफिसात येऊन हजेरीच्या वहीत तिचं नाव लिहिलं होतं. होतं असं. झोप झाली का काल?"

"दोन तास."

"मग बघा." बाई पुन्हा वाकल्या आणि जरा कौतुकानेच म्हणाल्या, "पण बांधणी छान आहे हं. एकदम उडी नाही मारलेली. सैल सुरुवात, मग एकेक टप्पा आवळलाय. ज्याला शोधतायत त्याला जवळून पाहिलंय कुणीतरी."

बाई वर गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यात बराच वेळ येत राहिला आणि मग वरचं दार बंद झालं.

एकटीच उरल्यावर तिने सात नंबरची ओळ पुरी होताना पाहिली.

७. ६ अँड डाव्या कानामागे तीळ — ३

हात आपोआप कानामागे गेला. लग्नाआधी केस वर बांधले की तो तीळ दिसायचा. आता केस वर बांधायला वेळ कुणाला होता?

तिने निकालांवर क्लिक केलं. लेखाचं नाव नव्हतं, लेखक नव्हता, साल नव्हतं. तीन नोंदी होत्या आणि प्रत्येकीखाली दोनच ओळी.

जागा: तळघर, मशीन ४. स्थिती: जागेवर.

जागा: स्वयंपाकघर, ओट्याशी. स्थिती: जागेवर.

जागा: खिडकीखालची गुलाबी गादी. स्थिती: जागेवर.

गुलाबी गादी पाळणाघरातली होती. बारशाच्या दिवशी जो येईल तो लेकीचा कान वाकवून बघत होता आणि म्हणत होता, आजीचा आईत आला, आईचा हिच्यात आला. तेव्हा ती किती मिरवली होती.

४

चार वाजून सहा मिनिटांनी पुढची ओळ आली.

८. ७ अँड आज दुपारी रडलेली — २

ओट्याची नोंद निघून गेली होती. तिने आईला फोन लावला. आई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि पहिल्या रिंगला फोन उचलायची नाही, कारण तसं केलं तर आपण रिकाम्या बसलोय असं लोकांना वाटतं, असं तिचं म्हणणं होतं.

"काय गं, या वेळेला? छोटी बरी आहे ना?"

"बरी आहे. तू काय करत होतीस?"

"करणार काय, ओट्याशी उभी आहे. तुझ्या बाबांना चहा हवाय, आणि चहाबरोबर काहीतरी हवंय, आणि ते काय ते त्यांना सांगता येत नाही."

"तुला बरं वाटतंय ना, आई?"

"हे तुला कुणी सांगितलं? बाबांनी?"

"काय सांगितलं?"

"अगं, काही नाही. तासभर झाला, सारखं वाटत होतं, पाठीशी कुणीतरी उभं आहे. बोलत नाही, हात लावत नाही. नुसतं बघतंय. दुकानात आपण एखादी वस्तू उचलावी की नाही म्हणून बघतो ना, तसं. दोनदा गॅस बंद करून वळून पाहिलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, बीपीची गोळी घेतलीस का?"

"आणि आता?"

"आता गेलं. एकदम गेलं. खांद्यावरची पिशवी कुणीतरी काढून घ्यावी ना, तसं हलकं वाटतंय बघ."

"कधी गेलं?"

"आत्ताच. पाचेक मिनिटं झाली असतील. तू का रडतेयस?"

"नाही रडत."

"मला कळतं. दर गुरुवारी दुपारी रडतेस तू. पाळणाघरवाल्या मावशी बोलल्या होत्या मागे."

तिने फोन ठेवला. खोलीत पंखा फिरत होता. ती काही शास्त्र शिकलेली बाई नव्हती, पण शिकलेली होती. योगायोग म्हणजे काय, हे तिला माहीत होतं. आई पासष्टीची आहे, ओट्याशी उभं राहून चक्कर येते. झोप नसली की माणसाला मजकूर हलताना दिसतो. हे सगळं तिने स्वतःला नीट मुद्देसूद सांगितलं. सांगताना आपली मान ताठ झाली आहे आणि आपण मागे वळून बघायचं टाळतो आहोत, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

५

"बरं झालं तुम्हीच फोन केलात," पाळणाघरवाल्या मावशी म्हणाल्या. "मी करणारच होते. खेळत नाहीये आज."

"रडतेय का?"

"रडून झालं मघाशीच. आता बसलीय गादीवर, नि मान वळवून मागे बघतेय. केळं दिलं तर घेतलं नाही. तुमची छोटी आणि केळं नको म्हणते? मी म्हटलं, काय बघतेस गं बाई? मागे काही नाही हो. भिंत आहे नुसती."

"मी निघते. आत्ता निघाले." तिने पर्स उचलली आणि उभी राहिली.

पडद्यावर ओळ उमटली.

९. ८ अँड बसलेली — १

एकच नोंद. गुलाबी गादी.

"निघा सावकाश," मावशी म्हणत होत्या, "काही एवढं नाही… अगं, काय झालं? थांबा हं जरा. अहो, ती तोंड उघडतेय, रडल्यासारखं करतेय, पण आवाजच येत नाहीये. श्वास घे गं. श्वास घे, बाळा."

ती बसली. खुर्ची मागे सरकली होती, त्यामुळे अर्धवट कडेवरच बसली, पण बसली.

एकाचे दोन झाले.

फोनमधून लेकीचं रडणं ऐकू आलं. मोठं, खणखणीत, रागावलेलं.

"घेतला बाई श्वास," मावशी म्हणाल्या. "आता बरी आहे. पण पुन्हा मागेच बघतेय."

कुठलाही प्रयोग दुसऱ्यांदा करून पाहावा, असं शास्त्र सांगतं. तिने तो केला नाही.

खुर्ची न सोडता तिने खोली पाहून घेतली. दार सहा पावलांवर, उघडंच. जिना वीस पायऱ्यांचा. पाळणाघर चालत बारा मिनिटं. वरच्या खिडकीतून पाय जात होते, बुटातले, चपलेतले, एका कुत्र्याचे. बाहेर सरळ सरळ दुपार होती. तिला कुणी बांधलं नव्हतं, कडी घातली नव्हती. ती फक्त उठू शकत नव्हती. उठली, की ती वर्णनाबाहेर जाणार होती आणि आत एकटी लेक उरणार होती.

दोघींपैकी एक निघेपर्यंत कुणीतरी एकेक शब्द जोडत जाणार होतं. त्याला घाई नव्हती. आणि कोण उरावं याबद्दल त्याला काही वाटत असेल, असंही दिसत नव्हतं.

मग ती आपणच पुढे सरसावली आणि कीबोर्ड ओढून घेतला.

६

पहिला शब्द सोपा होता. तिने लिहिलं:

१०. ९ अँड आई — २

दोन का? ती पडद्याकडे बघत राहिली आणि मग कळलं. मशीन फक्त शब्द आहे का तेवढं बघतं, कुणाचा ते बघत नाही. लेकीला अजून एकच शब्द बोलता येत होता, आणि तो हाच होता.

तिने ओळ पुसली. या वेळी पुसली गेली. म्हणजे इथे लिहायला तिला मनाई नव्हती. तिने 'नॉट' लावून पाहिलं.

१०. ९ नॉट बाळ — ०

शून्य. तिने श्वास सोडला. दोघीही नाहीत. पण का नाहीत तेही लगेच लक्षात आलं, आणि अशा वेळीसुद्धा तिला स्वतःचं हसू आलं. बाळ हा शब्द वगळला की लेक जाणारच. पण तिच्या स्वतःच्या नोंदीत तरी त्या शब्दाशिवाय दुसरं काय लिहिलेलं असणार?

शून्य फार टिकलं नाही. ओळीचं शेवटचं अक्षर गेलं, मग त्याच्या आधीचं. कुणीतरी शांतपणे पुसत होतं. शून्य आलं की कुठलाही चांगला शोधणारा जे करतो, तेच ते करत होतं. एक पायरी मागे आलं. आकडा पुन्हा दोन झाला, आणि तिने आणखी दोन शब्द टाकून पाहिले.

१०. ९ अँड घाबरलेली — २

१०. ९ अँड एकटी — २

हा दुसरा आकडा तिला लागला. पाळणाघरात अकरा मुलं होती, दोन मावश्या होत्या, एक लाकडी घोडा होता. एकटेपणावर दोनशे बारा संदर्भ शोधून बसलेली ही विदुषी, आणि हे तिच्या एकाही रकान्यात आलं नव्हतं.

मागून हवा थंड झाल्यासारखी वाटत होती. पंखा असेल. पाठीमागे कुणी उभं असल्याची खूण काय असते? आवाज नसतो, सावली नसते. आपल्या खांद्यांनाच ते कळलेलं असतं. चौदा महिन्यांच्या मुलीला जर मान वळवून तिकडे बघण्याइतका धीर होता, तर आईला का नसावा? पण वळून पाहिलं आणि दिसलं, तर हात चालणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती शब्द शोधू लागली. तिच्यात आहे आणि लेकीत नाही, असं काय? मोठी? लेकीलाही सगळे म्हणत, किती मोठी झाली. दमलेली? लेक दमली होती. भुकेली, चिडकी, झोप न झालेली, हट्टी. जे जे सुचत होतं त्यात दोघी बसत होत्या. चौदा महिन्यांपूर्वी तिच्याकडे असे शब्द ढिगाने होते. कुठे ठेवले होते कोण जाणे. मोबाईल निदान फ्रीजमध्ये तरी सापडला होता.

पडद्यावर दहा नंबरपुढे कर्सर उघडझाप करत होता. आणि मग तो तिने हात न लावता पुढे सरकला. शोधणाऱ्याने स्वतःच सुरुवात केली होती.

१०. ९ अँड ल

ल. लहान? लहानखुरी? लाडकी? तिने ते अक्षर पुसलं. ते पुन्हा आलं. तिने पुन्हा पुसलं आणि त्याच झटक्यात, विचार न करता, ती या क्षणी जे करत होती तेच लिहून टाकलं.

१०. ९ अँड वाचता येणारी — १

जागा: तळघर, मशीन ४.

गुलाबी गादी नव्हती. तिने पान वर नेलं, खाली नेलं. कुठेच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तिचा शोध नेमका उतरला होता.

फोन वाजला.

"निघालात का?" मावशी म्हणाल्या. "सावकाश या हो. केळं खाल्लं बघा तिने. आख्खं. आता दुसऱ्याचं ओढतेय."

७

नवऱ्याला फोन लावायला तिला दोन प्रयत्न लागले.

"आज गुरुवार," तो म्हणाला. "गुरुवारी आणणं तुझ्याकडे."

"आज तू जा. आत्ता निघ."

"सर ओरडले का?"

"नाही. काम आहे अजून."

"बरं. डायपर आहेत का घरी? मागच्या वेळी तू आहेत म्हणालीस आणि मी टॉवेल गुंडाळला होता तिला."

"कपाटात आहेत. वरच्या फळीवर. ऐक, तिला उचललंस की मला फक्त एक मेसेज कर."

"करतो. तुझं कुठवर आलं? मागच्या गुरुवारी लाखभर निकाल म्हणत होतीस."

"एक उरलाय."

"मग झालं की. घे तो आणि ये. जेवायला थांबतो आम्ही."

तो तिकडे किल्ल्या शोधत होता. पँटच्या खिशात आहेत, हे तिला इथून माहीत होतं.

"पँटचा खिसा," ती म्हणाली.

"अरे हो. तुला सगळं कसं माहीत असतं गं?"

फोन बंद झाला. पडद्यावर तिच्या नोंदीखालची दुसरी ओळ बदलली होती. आतापर्यंत तिथे 'जागेवर' होतं.

स्थिती: मागणी नोंदवली.

तिने ते शब्द दोनदा वाचले. उठून पळायला अजूनही काही हरकत नव्हती. दार उघडं होतं. पण ती उठली, की एकाचं शून्य होणार. शून्य झालं, की कुणीतरी शेवटची ओळ पुसणार आणि एक पायरी मागे येणार. मग पुन्हा नऊ नंबरची ओळ, आणि तिच्यात बसलेली एकच, गादीवरची. नवऱ्याला पाळणाघरापर्यंत पोचायला पंचवीस मिनिटं लागणार होती. आणि पोचला तरी काय? तो लेकीला कुठे नेणार होता जिथे तिचं वर्णन पोचणार नव्हतं?

तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवले. हात कीबोर्डवर ठेवले, आणि पडद्यावर जे होतं ते वाचत राहिली. पहिली ओळ, दुसरी ओळ, पुन्हा पहिली. वाचणं थांबता कामा नये, एवढंच तिला कळत होतं.

स्थिती: आणायला निघाले.

कपाटांच्या रांगांच्या पलीकडून ट्रॉलीचा आवाज येऊ लागला. पुस्तकं गोळा करायची साधी लोखंडी ट्रॉली, एक चाक अडखळणारी. ती एकेका रांगेशी थांबत होती आणि पुढे येत होती. पडद्याच्या काळ्या कडेवर तिच्या डोक्यामागची खोली धूसर उमटली होती आणि त्यात काहीतरी वाकलेलं होतं. उंच होतं म्हणून वाकलेलं, किंवा खालच्या फळीवरचं वाचायला वाकतात तसं. तिने डोळे पुन्हा ओळीवर आणले.

फोनवर मेसेज उजळला. नवऱ्याने फोटो पाठवला होता. लेक त्याच्या कडेवर, दोन्ही गालांना केळं, आणि बघत होती सरळ समोर.

ट्रॉली खुर्चीला हलकेच टेकली.

मानेवर, केस जिथे संपतात तिथे, एक बोट टेकलं आणि मणक्यांवरून खाली येऊ लागलं. दाटीवाटीने लावलेल्या पुस्तकांचे कणे एकेक करत तपासतात, तसं. एका मणक्यावर ते थांबलं. बरोबर आहे का, याची खात्री करून घेत असावं. ती वाचत राहिली.